रस्त्यावरचा धूर छातीत कमी कसा जाईल? रोज कोल्हापुरात फिरणाऱ्यांसाठी

धुराचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, मास्क कुठला घ्यायचा? या लेखात मास्क बराच खाली आहे, आणि तो मुद्दाम खाली ठेवला आहे. रस्त्यावरचा धूर तुमच्या अंगात किती जातो हे तीन गोष्टींवर ठरते: तुम्ही जिथे आहात तिथली हवा किती दाट आहे, तिथे तुम्ही किती वेळ आहात आणि तेवढ्या वेळात किती श्वास घेता. या तिन्हींत फरक पाडायला सहसा पैसे लागत नाहीत. आतला रस्ता धरणे, दहा मिनिटे आधी निघणे, सिग्नलला उसाच्या ट्रॅक्टरमागे न थांबणे, यातून जे साधते ते सैल बांधलेल्या मास्कमधून साधत नाही.

कोल्हापूर म्हणजे दिल्ली नव्हे, हे खरे. पण २०१९ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा हवेच्या मानकांत न बसणाऱ्या शहरांच्या यादीत महाराष्ट्रातल्या इतर शहरांबरोबर कोल्हापूरही होते. पंचगंगेचा वारा, भोवतालची शेती आणि चार महिन्यांचा धो धो पाऊस असूनही. कारण शोधायला लांब जावे लागत नाही. घरटी दोन-तीन गाड्या, जुन्या पेठांचे अरुंद रस्ते, महामार्गावरून तावडे हॉटेल, कावळा नाका, दाभोळकर कॉर्नर असा थेट बसस्थानकापर्यंत येणारा लोंढा, आणि हंगामात त्यात मिसळणारी ऊसवाहतूक.

आधी, धुरात असते काय

काळा धूर दिसतो म्हणून आपण त्याला घाबरतो. खरा त्रास मात्र बराचसा न दिसणाऱ्या भागाचा असतो. १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांना पीएम १० म्हणतात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यात रस्त्यावरची धूळ, टायर आणि ब्रेक झिजून उडणारी भुकटी हे सगळे येते. यातले मोठे कण नाकात, घशात अडकतात, म्हणून गांधीनगरला जाऊन आल्यावर रुमाल काळा होतो. २.५ मायक्रॉनपर्यंतचे कण, म्हणजे पीएम २.५, फुफ्फुसाच्या अगदी टोकाच्या हवेच्या पिशव्यांपर्यंत पोचतात. इंजिनातून निघणारे ०.१ मायक्रॉनपेक्षाही बारीक कण तिथून रक्तात उतरू शकतात. धुराचा संबंध खोकल्याइतकाच हृदयविकाराशी आणि पक्षाघाताशी जोडला जातो, तो यामुळेच.

वायूंमध्ये दोन लक्षात ठेवा. नायट्रोजन डायऑक्साइड मुख्यतः गाड्यांचा, त्यातही डिझेलचा. श्वासनलिकेला सूज आणतो आणि दमेकऱ्यांना लवकर बाधतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. उघड्या रस्त्यावर तो जिवावर बेतत नाही, पण बंद गॅरेजमध्ये किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून बसलात तर बेतू शकतो. सकाळी शटर खाली ठेवून गाडी गरम करायची सवय असेल, तर ती आजच मोडा.

डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकले. पुढच्याच वर्षी बाहेरच्या प्रदूषित हवेलाही त्याच गटात घातले.

पहिली पायरी: आपला दिवस मिनिटांत मांडा

एका कागदावर कालचा दिवस लिहा. घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत रस्त्यावर कुठे, किती वेळ आणि काय करत होता. चालत्या गाडीवरचा वेळ वेगळा आणि थांबलेला वेळ वेगळा. बहुतेकांना इथेच आश्चर्य वाटते. धावत्या गाडीवरच्या वेळेपेक्षा उभ्या उभ्या घालवलेला वेळ जास्त निघतो: सिग्नल, शाळेचे गेट, केएमटीचा म्हणजे शहर बसचा थांबा, रस्त्याकडेच्या गाड्यावरचा चहा, पेट्रोलची रांग.

मग प्रत्येक वेळेपुढे एक खूण करा. शेजारी इंजिन चालू होते का? दोन्ही बाजूंना उंच इमारती होत्या का? धाप लागेल असे काही करत होता का? जिथे दोन-तीन खुणा एकत्र आल्या, ते तुमचे मुख्य ठिकाण. बाकीच्यांचा विचार नंतर केला तरी चालेल.

इमारतींची खूण कशासाठी, तर महाद्वार रोडसारख्या रस्त्यावर दोन्हीकडे सलग दुकाने आणि मजले असले की धूर वर उडून जात नाही, तिथल्या तिथे घुमत राहतो. तेवढ्याच गाड्या विद्यापीठाजवळच्या मोकळ्या रस्त्यावरून गेल्या तर वारा तो धूर पांगवतो. म्हणजे गर्दी सारखी असूनही श्वासात जाणारा धूर सारखा नसतो.

दुसरी पायरी: आकडा बघा, पण त्याच्या भरवशावर राहू नका

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे 'समीर' नावाचे ॲप आहे. त्यावर हवेचा निर्देशांक दिसतो. ५० पर्यंत चांगला, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत खराब, ४०० पर्यंत अति खराब आणि त्यापुढे गंभीर.

या आकड्याबद्दल दोन गोष्टी कळल्या की गोंधळ होत नाही. एक, कणांसाठी तो २४ तासांच्या सरासरीवर काढलेला असतो. रात्री दोन वाजताची स्वच्छ हवा आणि संध्याकाळी सातची कोंडी दोन्ही त्यात मिसळलेल्या असतात. दोन, यंत्र बसवलेले असते एका ठिकाणी, आणि तुमचे नाक असते दुसऱ्या ठिकाणी. म्हणून ॲपवर 'समाधानकारक' दिसत असताना स्टेशन रोडवर डोळे चुरचुरतात, आणि दोन्ही खरे असते.

'समाधानकारक' या शब्दालाही फार भुलू नये. भारताच्या मानकाप्रमाणे पीएम २.५ दिवसाला घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅमपर्यंत चालते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली मर्यादा १५ आहे. वर्षाच्या सरासरीसाठी आपले मानक ४० आणि त्यांचे ५. आपल्याकडची नैसर्गिक धूळ पाहता त्यांचा आकडा गाठणे अवघड आहे हे मान्य, पण शरीर कुठल्या देशाचे मानक लागू आहे ते विचारत नाही.

मग ॲपचा उपयोग काय? दिवस निवडायला. लांब पळायचे आहे, सायकलवर पन्हाळ्याला जायचे आहे, दम्याच्या आईला बाजारात न्यायचे आहे, अशा वेळी आजच्यापेक्षा परवा बरा आहे का, एवढे त्यातून कळते.

तिसरी पायरी: रस्ता आणि वेळ बदला

ही सगळ्यात कामाची पायरी, म्हणून इथे जरा थांबू.

लंडनमध्ये झालेला एक प्रयोग २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. दमा असलेल्या ६० जणांना एकदा डिझेल बस आणि टॅक्सींनी भरलेल्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर दोन तास चालवले, आणि दुसऱ्या वेळी तिथून जवळच्याच हाइड पार्कमध्ये. तीच माणसे, तेच शहर, तेवढाच वेळ. वर्दळीच्या रस्त्यावर त्यांच्या फुफ्फुसाची क्षमता बागेतल्यापेक्षा स्पष्टपणे जास्त घटली. दोन जागांमधले अंतर आपल्या भाषेत एका चौकाचे.

वाहतुकीचा धूर रस्त्यापासून दूर जाताना झपाट्याने विरळ होतो. मोठ्या रस्त्याचा प्रभाव साधारण ३०० ते ५०० मीटरपर्यंत धरला जातो, पण सर्वांत बारीक कण आणि काजळी यांतली मोठी घट पहिल्या शंभर-दीडशे मीटरमध्येच होते. म्हणजे मुख्य रस्ता सोडून एक गल्ली आत शिरलात तरी बराच फायदा. राजारामपुरीत तर आकड्यांच्या गल्ल्याच आहेत. चालत किंवा सायकलवर असाल तर मुख्य रस्त्यावरून रेटण्यापेक्षा गल्ल्यांतून निघा. ताराबाई पार्कातले झाडीचे आतले रस्तेही कावळा नाक्याच्या मुख्य रस्त्यापेक्षा केव्हाही बरे. मात्र सगळे मोटरसायकलवाले आत घुसले तर गल्लीही मुख्य रस्ता होईल. म्हणून हा सल्ला आधी पायी आणि सायकलवाल्यांना.

तुमच्या नेहमीच्या प्रवासासाठी असे करा. दोन पर्यायी वाटा ठरवा. प्रत्येकीवर किती सिग्नल आणि किती चढ आहेत ते पाहा. चढाला इंजिन जोर लावते, धूर जास्त सोडते, आणि सायकलवाला नेमका तिथेच जोरात श्वास घेतो. अंतर थोडे जास्त पण थांबे कमी असलेली वाट बहुतेक वेळा बरी पडते. आठवडाभर दोन्ही वाटांनी जाऊन पाहा. घसा आणि डोळे बऱ्यापैकी खरे सांगतात.

वेळेचे गणित ऋतूप्रमाणे बदलते. पावसाळ्यात हवा धुतली जाते, तेव्हा फार डोके लावायची गरज नाही. पाऊस उघडला की खड्ड्यांतला चिखल वाळतो आणि पहिले काही आठवडे नुसता धुरळा. थंडीत गोष्ट वेगळीच. रात्री जमीन गार होते, जमिनीलगतची हवा जड होऊन खाली बसते आणि वर उबदार हवेचे झाकण पडते. पहाटेचा धूर या झाकणाखाली अडकतो, आणि ऊन चढल्यावरच तो वर उठतो. त्याच काळात कारखान्यांचा हंगाम सुरू असतो, ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा लागतात. नव्या गाड्यांच्या धुरासाठी सरकारने घातलेले बीएस-६ चे निकष ट्रॅक्टरला लागू नाहीत. त्यांचे निकष वेगळे आणि जुने ट्रॅक्टर अजून भरपूर. ऐन थंडीत सकाळच्या कामाला अर्धा-एक तास उशिरा निघणे जमत असेल तर निघा.

पहाटे पळणाऱ्या भरतीच्या पोरांना इथे एक वेगळी विनंती आहे. पोलीस आणि सैन्यभरतीसाठी तुम्ही महामार्गाच्या सेवा रस्त्यावर किंवा शहराबाहेर पडणाऱ्या मोठ्या रस्त्यांच्या कडेने पळता, कारण डांबरी सरळ पट्टा मिळतो. पळताना श्वास बसलेल्या माणसाच्या कितीतरी पट होतो, तोही तोंडाने, म्हणजे नाकाची चाळणी बाजूलाच राहते. मैदान धरा, विद्यापीठाच्या किंवा शेंडा पार्कच्या बाजूची मोकळी जागा धरा, नाहीतर गावाकडचा पाणंद रस्ता. अंधारात ट्रकच्या शेजारून पळायचा अपघाताचा धोका आहे तो वेगळाच. रंकाळ्यावर फिरणाऱ्यांनीही रस्त्याला चिकटलेल्या फुटपाथपेक्षा काठाची आतली वाट धरावी.

चौथी पायरी: सिग्नलला उभे कुठे राहायचे

थांबलेली गाडी पुन्हा निघते त्या काही सेकंदांत धुराचा लोट सर्वांत दाट असतो. कोल्हापुरी सवयीप्रमाणे आपण फटीफटीतून पुढे जाऊन ट्रॅक्टरच्या, बसच्या किंवा टेम्पोच्या पुठ्ठ्याला चाक लावून उभे राहतो. तसे करू नका. मोठ्या गाडीच्या मागे दोन-तीन मोटरसायकलींचे अंतर सोडा. सायलेन्सर कुठल्या बाजूला आहे ते बघून दुसरी बाजू धरा. वारा कुठून येतो हे तर धुरावरूनच दिसते. त्याच्या वरच्या अंगाला थांबा. पुढे सरळ जागा असेल तर सगळ्या गाड्यांच्या पुढे, झेब्रा पट्टे सोडून उभे राहणे सर्वांत चांगले.

आकडे उलटे मोजणारा सिग्नल असेल आणि वीस-तीस सेकंद उरले असतील तर इंजिन बंद करा. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला पुन्हा सुरू करायला जादा पेट्रोल लागते ही समजूत आता लागू नाही. परीख पुलाखालच्या कोंडीत अडकलात तर तिथेही हेच, कारण पुलाखाली धूर निघून जायला वाट कमी असते.

पाण्याचा टँकर किंवा काळा धूर ओकणारा टेम्पो पुढे असेल तर दोन पर्याय असतात: नीट जागा मिळाली तर ओव्हरटेक, नाहीतर मिनिटभर बाजूला थांबून त्याला जाऊ देणे. दुसरा पर्याय आपल्याला सुचतच नाही.

पाचवी पायरी: जशी गाडी, तशी काळजी

दुचाकीवाल्यांनी पूर्ण चेहऱ्याचे हेल्मेट वापरावे आणि काच खाली ठेवावी. धूळ आणि खडे डोळ्यांत जात नाहीत. वायू मात्र त्याने अडत नाहीत. घरी आल्यावर डोळे चोळू नका, पाण्याने धुवा.

सायकलवाल्यांच्या मनात एक शंका नेहमी असते: एवढ्या धुरात सायकल चालवून फायदा की तोटा? २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी याचे गणित मांडले. हवेत पीएम २.५ चे प्रमाण १०० मायक्रोग्रॅम इतके वाईट असेल, तर रोज दीड तासापुढे सायकल चालवल्यावर तोटा फायद्यापेक्षा जास्त होतो. त्याखालच्या प्रमाणात व्यायामाचा फायदाच वरचढ. म्हणजे सायकल सोडू नका, फक्त वाट बदला.

चारचाकीत काचा बंद म्हणजे आपण सुटलो, असे नाही. एसीचे बटण बाहेरची हवा आत घेण्यावर असेल तर पुढच्या ट्रकचा धूर थेट तुमच्या तोंडावर येतो. शिरोली नाक्यापासून शहरात येईपर्यंत हवा आतल्या आत फिरवणारे बटण लावा, मोकळ्या रस्त्यावर आल्यावर काढा. ते कायम लावून ठेवले तर गाडीतल्या चार जणांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड वाढून झापड येते. एसीचा केबिन फिल्टर सर्व्हिसिंगच्या वेळी काढून बघायला सांगा. कित्येक गाड्यांत तो वर्षानुवर्षे तसाच असतो.

रिक्षा दोन्ही बाजूंनी उघडी. शाळेच्या रिक्षात दाटीने बसलेल्या मुलांची नाके साधारण सायलेन्सरच्या उंचीच्या आसपास असतात, त्यांचा श्वास मोठ्यांपेक्षा जलद असतो आणि वजनाच्या मानाने ती हवाही जास्त घेतात. फुफ्फुसे तर अजून वाढतच असतात. रिक्षामामांना दोन गोष्टी सांगा: गेटवर वाट बघताना इंजिन बंद, आणि मुलांना नेताना मोठ्या गाडीच्या मागे चिकटायचे नाही. बहुतेक मामा ऐकतात, कारण दिवसभर तोच धूर त्यांच्याही छातीत जात असतो. पालकांनीही गेटसमोर गाडी चालू ठेवून फोनवर बोलू नये, हे लिहावे लागते ते वाईट आहे.

केएमटीची वाट बघताना थांब्याच्या कडेवर न उभे राहता पाच-सहा पावले मागे उभे राहा. पेट्रोल पंपावर टाकीच्या तोंडाशी वाकून बघू नका. ती वाफ बेंझीनसह नाकात जाते, आणि बेंझीन हे रक्ताच्या कर्करोगाचे सिद्ध कारण आहे.

सहावी पायरी: आता मास्क

ओढणी, स्कार्फ, रुमाल यांनी मोठी धूळ आणि ऊन अडते. ते काही कमी नाही, पण बारीक कण त्यातून सरळ जातात. सर्जिकल मास्क गालांच्या बाजूने उघडा असतो. खरोखर काम करतो तो एन-९५ किंवा एफएफपी-२. विकत घेताना पाकिटावर आयएसआय खूण आणि आयएस ९४७३ हा क्रमांक आहे का ते पाहा. फुटपाथवर मिळणाऱ्या 'एन-९५' लिहिलेल्या मास्कवर हा क्रमांक सहसा नसतो.

घालायची रीत मास्कइतकीच महत्त्वाची आहे. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवा. दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे किंवा गालाकडे हवा सुटली तर पुन्हा बसवा. श्वास आत घेतल्यावर मास्क किंचित आत ओढला गेला पाहिजे. दाढी असेल तर तो नीट बसत नाही, मिशी चालते. कोल्हापुरात याने निम्मा प्रश्न सुटतो! हेल्मेटखाली कानामागच्या दोऱ्या सरकतात, म्हणून डोक्यामागून पट्टे असलेला घ्या, आणि मास्क आधी, हेल्मेट नंतर.

एन-९५ धुऊ नका. धुतला की कण पकडणारा विद्युतभार जातो आणि नुसते कापड उरते. कोरडा, कागदी पिशवीत ठेवून तो पुन्हा वापरता येतो. आकार बिघडला, ओला झाला किंवा श्वास घ्यायला जड जाऊ लागला की टाका.

आणि मर्यादा: एन-९५ कण अडवतो, वायू नाही. नायट्रोजन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड त्यातून आरपार जातात. वाट आणि वेळ आधी आणि मास्क नंतर सांगितला, तो याच कारणाने. हृदयाचा किंवा फुफ्फुसाचा आजार असणाऱ्यांना घट्ट मास्कने धाप लागू शकते. त्यांनी डॉक्टरांना विचारून घालावा.

सातवी पायरी: आपल्या गाडीचा धूर

पीयूसी ही नुसती दंड चुकवायची चिठ्ठी होऊन बसली आहे. (२०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड १० हजार रुपयांपर्यंत होऊ शकतो.) पण पीयूसीत पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले इंधन मोजतात, डिझेल गाडीच्या धुराची दाटी मोजतात. बारीक कणांचे वजन किंवा नायट्रोजनचे ऑक्साइड त्यात मोजलेच जात नाहीत. तेव्हा पास झालेली गाडी स्वच्छ असेलच असे नाही, आणि नापास झालेली मात्र नक्की घाण असते.

मिस्त्रीकडे गेल्यावर एअर फिल्टर उघडून दाखवायला सांगा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे, काळा म्हणजे इंधन नीट जळत नाही. टायरमध्ये हवा बरोबर ठेवली की पेट्रोलही वाचते. २०२० च्या एप्रिलपासून नव्या गाड्या बीएस-६ आहेत आणि इंधनातला गंधकही ५० वरून १० भागांवर आला आहे, दर दहा लाख भागांत. जुनी गाडी बदलायची ऐपत असेल तर हा फरक मोठा आहे.

एक गोष्ट मात्र थोडी कडक बोलतो. मूळ सायलेन्सर काढून फटाके फोडणारा बसवण्याची हौस इथे गल्लीगल्लीत आहे. मूळ सायलेन्सरच्या आत विषारी वायूंचे रूपांतर करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. तो काढला की आवाजाबरोबर धूरही वाढतो, आणि सर्वांत आधी तो तुमच्या मागे बसणाऱ्याच्या नाकात जातो.

ज्यांचे पोट रस्त्यावरच आहे

वाहतूक पोलीस, रिक्षावाले, केएमटीचे वाहक-चालक, भेळ-भजीच्या गाड्या, फूलवाले, पंपावरची मुले: यांना 'दुसऱ्या वाटेने जा' सांगण्यात अर्थ नाही. त्यांच्यासाठी एन-९५ ची जागा वर, पहिल्या क्रमांकावर येते. गाडा लावताना चौकाच्या तोंडापेक्षा थोडा आत, आणि एसटी किंवा ट्रक जिथे थांबून पुन्हा निघतात त्या जागेपासून दूर. खाद्यपदार्थ झाकलेले. दुकान रस्त्यावर असेल तर सकाळी कोरडा झाडू न मारता पाणी शिंपडून किंवा ओल्या फडक्याने पुसा. घराचे रस्त्याकडचे तावदान गर्दीच्या तासांना बंद आणि मागच्या बाजूचे उघडे. पोलिसांच्या बाबतीत चौकातल्या ड्यूटीच्या पाळ्या आळीपाळीने लावणे हे वरिष्ठांच्या हातात आहे.

गुळाबद्दल बोलायलाच हवे, कारण गाव कोल्हापूर आहे. धुळीत काम करणाऱ्याने गुळाचा खडा खाल्ला की छाती साफ होते, असे पिढ्यानपिढ्या सांगितले जाते. उंदरांवर तसे प्रयोग झाले आहेत. माणसाच्या फुफ्फुसातून धूर काढायला त्याचा आधार घेता येणार नाही. आवडतो म्हणून खा, मधुमेह असेल तर तेही जपून. वाफ घेतल्याने चोंदलेले नाक सुटते, खोल गेलेले कण निघत नाहीत. जलनेती करत असाल तर पाणी उकळून गार केलेलेच वापरा. आणि धुरापासून फुफ्फुस वाचवायचे म्हणून इतके सगळे करून टपरीवर सिगारेट ओढली तर हा लेख वाचण्यात वेळ गेला असे समजा.

आठवी पायरी: डॉक्टरांकडे कधी जायचे

घसा खवखवणे, डोळ्यांत पाणी हे घरी आल्यावर तासाभरात कमी झाले तर वाट आणि वेळ बदलून बघा. खोकला तीन आठवड्यांवर गेला, रात्री शिट्टीसारखा आवाज यायला लागला, पहिल्यापेक्षा जिना चढताना लवकर धाप लागायला लागली, तर फुफ्फुसाची फुंकून करायची तपासणी, स्पायरोमेट्री, करून घ्या. डॉक्टरांना धूम्रपानाबरोबर रोज किती तास रस्त्यावर असता हेही सांगा. पहिल्या पायरीतला कागद इथे कामाला येतो.

दमेकऱ्यांनी पंप खिशात ठेवावा. पंपाची सवय लागते, ही भीती चुकीची आहे. औषध थेट श्वासनलिकेत, गोळीपेक्षा कमी मात्रेत जाते. पंप बंद करायचा किंवा बदलायचा तो डॉक्टरांना विचारूनच. गरोदर बायकांनी कोंडीच्या वेळेचा दुचाकी प्रवास शक्य तितका टाळावा. कमी वजनाच्या आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाशी प्रदूषित हवेचा संबंध दिसून आला आहे.

हृदयरोग्यांसाठी जर्मनीतला एक अभ्यास सांगण्यासारखा आहे. २००४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. हृदयविकाराचा झटका येऊन वाचलेल्यांना झटक्याआधी ते कुठे होते हे विचारले, तेव्हा रहदारीत घालवलेल्या वेळेनंतरच्या तासाभरात झटक्याचा धोका जवळपास तिप्पट दिसला. त्यात धूर किती, आवाज किती आणि मनावरचा ताण किती, हे वेगळे काढता आले नाही. पण अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाने नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला गाडी घेऊन भवानी मंडपापर्यंत घुसायचा हट्ट धरू नये, एवढे त्यातून नक्की निघते.

छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, बसल्या जागी धाप, ओठ निळसर पडणे, बोलताना वाक्य पूर्ण न होणे: यातले काही झाले तर पाणी पाजत, पाठ चोळत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालय, नाहीतर जे जवळ असेल ते रुग्णालय गाठा. स्वतः गाडी चालवत जायचे नाही.

तक्रार करायची असेल तर

एकट्याने वाट बदलून शहराची हवा बदलत नाही, हे उघड आहे. काळा धूर सोडणारे वाहन दिसले तर आरटीओ, रस्त्यावरचा धुरळा किंवा उघड्यावर पडलेली वाळू-खडी असेल तर महापालिका, आणि दोन्हींसाठी 'समीर' ॲपवर तक्रारीची सोय. तक्रारीत चार गोष्टी असल्या की ती सहजासहजी बाजूला पडत नाही: वाहनाचा नंबर किंवा नेमकी जागा, तारीख आणि वेळ, फोटो, आणि तेच पुन्हा कधी कधी दिसले याची नोंद. 'शहरात फार प्रदूषण आहे' असे लिहिलेल्या अर्जाचे काय होते ते सगळ्यांना माहीत आहे. तालीम, तरुण मंडळ किंवा शाळेच्या पालक संघाच्या नावाने अर्ज गेला तर त्याला वजन येते. फोटो मात्र गाडी चालवताना काढू नका. मागे बसणाऱ्याला काढायला सांगा.